नाताळच्या रात्री हवेलीत एकटी: ‘अनकॅनी एक्स-मेन’च्या १४३व्या अंकाची प्रस्तावना

अमेरिकी महानायकांच्या संघकॉमिकमधील सणाचा अंक म्हणजे मालिकेतला विसावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि बहुतेक अंकांच्या बाबतीत ती खरीही ठरते. ज्या चित्रकथेचा नायक एक व्यक्ती नसून निरनिराळ्या शक्ती लाभलेल्या पाच-दहा जणांचा, एकत्र लढणारा आणि पुष्कळदा एकत्र राहणारा गट असतो, अशी नियतकालिक पुस्तिका म्हणजे संघकॉमिक. आणि तिच्या चालू क्रमांकांपैकीच ज्या अंकातले कथानक नाताळच्या आसपास घडते, तो सणाचा अंक. मराठी वाचकाला यावरून दिवाळी अंकाची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु येथे वाढीव पाने, निमंत्रित लेखक किंवा वेगळा क्रमांक यांपैकी काही नसते. किंमत तीच, लेखक-चित्रकार नेहमीचे, आणि मागच्या महिन्यात अर्धवट राहिलेली दुखणी पुढे नेण्याची जबाबदारीही तीच. अनेक छोट्या कथा एकत्र करून काढलेले स्वतंत्र नाताळ विशेषांक हा वेगळा प्रकार आहे आणि प्रस्तुत विवेचनात तो घेतलेला नाही, कारण मालिकेच्या वाहत्या प्रवाहातच आलेला सण त्या मालिकेबद्दल जे सांगून जातो, ते बाहेरून जोडलेल्या विशेषांकाला सांगता येत नाही.

ते सांगणे असे की, एरवी संघकॉमिकमधली माणसे शत्रूच्या निमित्ताने एकत्र येतात, तोपर्यंत त्यांच्या एकत्र असण्याला दुसरे कारण शोधावे लागत नाही. सणाच्या दिवशी मात्र ते निमित्त क्षणभर बाजूला होते आणि ही माणसे एकमेकांची कोण लागतात, हा प्रश्न उघडा पडतो. कोणाला जायला घर आहे, कोणाला नाही, कोणाची वाट पाहणारे कोणी आहे आणि कोण केवळ जागा नाही म्हणून येथे राहिले आहे, याचा हिशेब लेखकाला त्या एका अंकात टाळता येत नाही. मार्व्हल कॉमिक्सच्या ‘अनकॅनी एक्स-मेन’ या मालिकेचा १४३वा अंक या दृष्टीने सर्व सणाच्या अंकांत श्रेष्ठ ठरतो, असे येथे प्रतिपादन आहे. आणि त्याचे श्रेष्ठत्व यात आहे की त्याने संघाचे कुटुंबपण दाखवण्यासाठी सगळे कुटुंबच घराबाहेर पाठवले आणि सर्वांत धाकट्या, सर्वांत नव्या आणि नाताळ जिचा सणच नव्हे अशा मुलीला घरात एकटे ठेवले.

या अंकावर मार्च १९८१ अशी तारीख आहे, हे पाहून नाताळची कथा वसंताच्या तोंडावर कशी, असा संभ्रम होऊ शकतो. अमेरिकी कॉमिकवरील महिना हा प्रकाशनाचा नसून, वर्तमानपत्रांच्या विक्रेत्याने तो अंक मांडणीवरून केव्हा काढून घ्यावा याची खूण म्हणून छापला जाई, आणि त्यामुळे तो प्रत्यक्ष विक्रीच्या दोन-तीन महिने पुढचा असे. पन्नास सेंट किमतीचा हा अंक वाचकांच्या हाती डिसेंबर १९८०मध्ये, म्हणजे नेमका हंगामात पडला होता.

संघकॉमिकमधील नाताळकथेवर चार्ल्स डिकन्सच्या १८४३च्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या दीर्घकथेची छाया दीर्घकाळ होती. डीसी कॉमिक्सच्या ‘टीन टायटन्स’च्या १३व्या अंकात (जानेवारी-फेब्रुवारी १९६८) बॉब हॅनी आणि निक कार्डी यांनी तीच कथा जवळजवळ जशीच्या तशी उचलून भंगारवाल्या कंजूष इबेनेझर स्क्राउंजच्या अंगावर चढवली, आणि भुतांची कामे तरुण महानायकांकडे सोपवली. कार्डीची चित्रे आजही देखणी आहेत, पण टायटन्सना त्या कथेत स्वतःचे असे काहीच करायचे नसते. त्याच प्रकाशनाच्या ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’चा ११०वा अंक (मार्च-एप्रिल १९७४) अधिक महत्त्वाचा आहे. लेन वाइनने लिहिलेल्या आणि डिक डिलिनने रेखाटलेल्या या कथेत सांताक्लॉजचा वेश केलेल्या माणसाचा खून होतो, आणि सुट्टीमुळे हाताशी असलेले मोजकेच सदस्य सेंट लुईस शहरात धावतात. त्यांत जॉन स्टुअर्ट हा कृष्णवर्णीय ग्रीन लँटर्न आणि रेड टॉर्नेडो हा मनुष्यरूपी यंत्रमानव होता. ज्याला जन्म नाही, आईबाप नाहीत, त्या यंत्राला सण कसा वाटत असेल, ही कल्पना वाइनला सुचली याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण जस्टिस लीग ही एकत्र राहणारी माणसे नव्हेत. ती सभासदांची संस्था आहे, बैठक संपली की प्रत्येक जण आपापल्या शहरात परततो, आणि म्हणून सणाचा प्रश्न तिथे पुरता भिडत नाही.

एक्स-मेनची गोष्ट वेगळी आहे. जन्मतः विलक्षण शक्ती घेऊन आलेली आणि त्यामुळेच समाजाने दूर लोटलेली माणसे, ज्यांना या कथाविश्वात म्यूटंट म्हणतात, त्यांच्यासाठी प्राध्यापक चार्ल्स झेवियर याने न्यूयॉर्कच्या उत्तरेस वेस्टचेस्टर परगण्यातील आपल्या वाडवडिलार्जित हवेलीत शाळा काढलेली आहे, आणि संघ तिथेच राहतो. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३मध्ये निर्माण केलेली ही मालिका १९७०च्या सुमारास थंडावली, पाच वर्षे तिच्यात जुन्याच कथा पुन्हा छापल्या गेल्या, आणि १९७५मध्ये लेन वाइन व डेव्ह कॉक्रम यांनी केनियातील स्टॉर्म, सोव्हिएत सामूहिक शेतावरचा कॉलॉसस, जर्मनीतला नाइटक्रॉलर, कॅनडाचा वुल्व्हरिन असा देशोदेशींचा नवा संघ उभा केला. लगेच लेखनाची सूत्रे ख्रिस क्लेअरमाँट याच्याकडे गेली आणि पुढची सोळा वर्षे त्याच्याकडेच राहिली. जगाच्या चार टोकांहून आलेल्या माणसांना एका छपराखाली ठेवल्यावर घर म्हणजे काय हा प्रश्न आपोआपच उभा राहतो, आणि क्लेअरमाँट पुनःपुन्हा नाताळकडे का वळला, याचे उत्तर बहुधा यातच आहे.

त्याचा पहिला प्रयत्न ९८व्या अंकातला (एप्रिल १९७६). नाताळच्या पूर्वसंध्येला सगळे एक्स-मेन न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये सजवलेल्या झाडाखाली जमतात, गर्दीत स्वतः ली आणि कर्बी चित्ररूपाने चालत जाताना दिसतात, आणि म्यूटंटांची शिकार करण्यासाठी बनवलेले सेंटिनेल नावाचे राक्षसी यंत्रमानव आकाशातून उतरून जीन ग्रे, वुल्व्हरिन आणि बॅन्शी यांना पळवून नेतात. येथे सण म्हणजे केवळ शांततेचा पडदा, जो फाडला की धक्का अधिक बसतो. ११९व्या अंकात (मार्च १९७९) संघ जपानमध्ये मोझेस मॅग्नम या खलनायकाशी झुंजत असतो, बॅन्शीचा आवाज, म्हणजे त्याची शक्तीच, त्या झुंजीत जाते, आणि नाताळ परक्या देशात साजरा करावा लागतो. दोन्ही अंक वाचनीय आहेत, परंतु दोहोंतही सण कथेच्या कडेला बसलेला आहे. तो कथेच्या गाभ्यात आला १४३व्या अंकातच.

हा अंक कोणत्या वळणावर आला, हे जाणून घेतल्याशिवाय त्याचे बळ कळणार नाही. सप्टेंबर १९८०च्या १३७व्या अंकात जीन ग्रे मरण पावली. त्या काळच्या कॉमिक्समध्ये एका प्रमुख नायिकेचा असा मृत्यू वाचकांना हादरवून गेला. पुढच्याच अंकात तिचा प्रियकर आणि संघाचा नायक सायक्लॉप्स हवेली सोडून गेला, आणि तो निघत असतानाच साडेतेरा वर्षांची किटी प्राइड शिकागोजवळच्या डिअरफील्डहून सामान घेऊन दारात उतरली. नंतर १४१ आणि १४२ या दोन अंकांत गाजलेली भविष्यकाळाची कथा आली, जिच्यात प्रौढ किटीचे मन तिच्याच बालवयातील शरीरात उतरते. म्हणजे किटी त्या कथेच्या केंद्रस्थानी असूनही, ती छोटी मुलगी स्वतः त्या कथेत जवळजवळ नव्हतीच. तिला स्वतःच्या नावाने, स्वतःच्या भीतीने वावरता यावे अशी पहिली पूर्ण कथा म्हणजे १४३वा अंक.

कथा सांगायला थोडक्यात आहे. बऱ्याच काळापूर्वी, ९६व्या अंकात, हवेलीच्या आवारातील एका प्राचीन शिळास्मारकातून एन’गराई नावाची आसुरी जमात बाहेर पडू पाहत होती आणि एक्स-मेननी ती वाट बंद केली होती. त्यांतला एक असुर मागे राहिलेला असतो. जंगलात नाताळचे झाड तोडायला आलेल्या एका तरुण जोडप्याचा तो बळी घेतो आणि मग दिव्यांनी उजळलेल्या हवेलीकडे वळतो. इकडे संघातले सगळे त्या संध्याकाळी बाहेर पडलेले असतात, किटी एकटीच मागे राहिलेली असते, आणि पुढची पाने म्हणजे त्या रिकाम्या घरातला एक दीर्घ पाठलाग आहे. शेवटी सगळे परततात तेव्हा त्यांच्याबरोबर किटीचे आईवडील असतात. हनुकाच्या सणासाठी त्यांना गुपचूप आणून मुलीला चकित करावे म्हणूनच सर्व जण गेलेले असतात.

या साध्या आराखड्यात रचनेचे जे कौशल्य आहे, ते किटीच्या शक्तीभोवती गुंफलेले आहे. आपल्या शरीरातील अणू दुसऱ्या पदार्थाच्या अणूंमधील पोकळ्यांतून सरकवून भिंतीतून आरपार जाणे, एवढेच तिला येते. कॉलॉससप्रमाणे तिला प्रहार करता येत नाही, स्टॉर्मप्रमाणे वीज पाडता येत नाही; तिची शक्ती ही निसटण्याची शक्ती आहे, आणि निसटण्याने शत्रू मरत नाही. त्यात असुराचा पंजा तिच्या अमूर्त शरीरातून गेला तरी वेदना होतात असे लेखकाने ठरवल्यामुळे पळण्यालाही मर्यादा पडते. तेव्हा तिच्याजवळ उरते ते एकच: या घराची ओळख. कोणती भिंत कुठे उघडते, कोणत्या मजल्याखाली काय आहे, हे तिला ठाऊक आहे आणि असुराला नाही. ती त्याला डेंजर रूममध्ये, म्हणजे जिथे यंत्रांच्या सापळ्यांतून एक्स-मेनचा सराव घेतला जातो त्या दालनात, ओढून नेते. ते पुरेसे होत नाही असे दिसताच संघाचे ब्लॅकबर्ड हे जेट विमान जिथे उभे असते त्या तळघरात उतरते, आणि इंजिने पेटवून त्यांच्या ज्वाळांत असुराला जाळते. नवीन आलेल्या मुलीने घर आपले मानले आहे की नाही, याचा पुरावा संवादातून देण्याऐवजी लढाईच्या भूगोलातून देण्याची ही युक्ती अत्यंत सुंदर आहे. जे घर तिने अंतर्बाह्य आपलेसे केले, तेच वाचण्यासाठी तिला बऱ्याच अंशी मोडावेही लागते, हा त्यातला दुसरा पदर.

शेवटच्या प्रसंगात १९७९च्या ‘एलियन’ या चित्रपटाचा ठसा इतका स्पष्ट आहे की तो सांगण्यासाठी समीक्षकाची गरज नाही: एकटी स्त्री, बंदिस्त जागा, दात विचकणारा अमानुष शिकारी आणि इंजिनाची आग. ही उसनवारी म्हणून हिणवण्याजोगी नाही, कारण चित्रपटातील अवकाशयान हे परके, पगारी नोकरीचे ठिकाण आहे, तर येथे तीच रचना एका सजवलेल्या घरात आणून ठेवली आहे आणि त्यामुळे तिचा अर्थ बदलला आहे. शिवाय नाताळच्या लांबलेल्या रात्री भुताखेतांच्या गोष्टी सांगण्याची इंग्रजी परंपरा डिकन्सपूर्वीची आहे. महानायकांच्या कॉमिकला मात्र तिचा हा अंधारा भाग बराच काळ वापरता आला नव्हता. १९५४मध्ये अमेरिकी प्रकाशकांनी स्वतःवर लादून घेतलेल्या कॉमिक्स कोड या आचारसंहितेने भयकथांचा मार्ग जवळजवळ बंद केला होता, आणि १९७१च्या सुधारणेनंतरच पिशाच्चे, नरवृक आणि तत्सम प्राण्यांना साहित्यिक परंपरेच्या आधाराने परत येता आले. ‘टीन टायटन्स’मधील १९६८ची भुते खोटी होती आणि १९८१चा असुर खरा आहे, या फरकामागे हाही इतिहास आहे.

चित्रकार जॉन बर्न याचा या मालिकेतील हा शेवटचा अंक. डिसेंबर १९७७च्या १०८व्या अंकापासून तो आणि शाईचे काम करणारा टेरी ऑस्टिन यांनी जे चित्रविश्व उभे केले, त्याची सगळी परिपक्वता येथे दिसते. पेन्सिलीने आखलेल्या चित्रावर शाई फिरवणे हे अमेरिकी कॉमिकमध्ये स्वतंत्र कलाकाराचे काम असते, आणि ऑस्टिनची बारीक, स्वच्छ रेघ वस्तूंना विलक्षण खरेपणा देते. डेंजर रूममधील यंत्रे किंवा विमानाचा तळ यांवर वाचकाचा विश्वास बसतो, म्हणून त्यांच्या विध्वंसाला किंमत येते. कथानकाची आखणी बर्न आणि क्लेअरमाँट मिळून करीत, बर्न चित्रे काढी, आणि त्यानंतर क्लेअरमाँट शब्द लिही. या क्रमामुळे दोघांत ताण असे, कारण चित्राने एक सांगितल्यावर शब्द कधी कधी दुसरेच सांगत. एरवी क्लेअरमाँटच्या शब्दबहुलतेचा जाच होतो. या अंकात बोलायला समोर कोणी नसल्यामुळे शब्द किटीच्या मनातल्या विचारांकडे वळतात, भेदरलेली मुलगी स्वतःशी जितके बोलेल तितकेच ते बोलतात, आणि लेखकाची जुनी खोड प्रथमच पात्राचा स्वभाव होऊन जाते.

आता हनुकाबद्दल. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात जेरुसलेमचे मंदिर परत मिळाल्याच्या स्मरणार्थ ज्यू लोक आठ रात्री दिवे लावतात, तो हा सण. चांद्र-सौर पंचांगामुळे तो इंग्रजी तारखांत पुढेमागे सरकतो आणि नाताळशी कधी जुळतो, कधी जुळत नाही. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजाच्या जुन्या परंपरेत हनुका नव्हता, इतर ज्यू समाजांशी संबंध आल्यावर तो त्यांच्याकडे रुजला. तेव्हा हनुका म्हणजे ज्यूंचा नाताळ, हे समीकरण मुख्यतः अमेरिकी परिस्थितीतून आलेले आहे, जिथे ख्रिस्ती शेजाराच्या झगमगाटात या तुलनेने लहान सणाला मोठे व्हावे लागले. किटी त्याच अमेरिकेची मुलगी आहे. ज्या कलाप्रकारात ती वावरते त्याचे शिल्पकार, म्हणजे सुपरमॅनचे जनक जेरी सीगल आणि जो शूस्टर, स्टॅन ली (मूळचे लीबर), जॅक कर्बी (मूळचे कुर्ट्झबर्ग), हे सर्व ज्यू कुटुंबांत जन्मलेले होते, आणि तरीही त्यांच्या नायकांनी चाळीस वर्षे बिनबोभाट नाताळच साजरा केला. कर्बीच्या लाडक्या थिंगचे, म्हणजे बेन ग्रिमचे, ज्यू असणे छापील पानावर उघडपणे यायला २००२ साल उजाडावे लागले. या पार्श्वभूमीवर १९८०च्या डिसेंबरात एका महानायिकेने आपला सण वेगळा आहे हे कोणताही गाजावाजा न करता दाखवावे, आणि संघातल्या ख्रिस्ती-अख्रिस्ती सोबत्यांनी तो सण तिच्यासाठी घरी आणावा, ही घटना तिच्या पानांच्या संख्येहून फार मोठी आहे.

अंकात दोष आहेत, आणि ते झाकण्याचे कारण नाही. झाड तोडायला आलेल्या जोडप्याचा मृत्यू केवळ असुराची ताकद दाखवण्यासाठी खर्ची पडतो. नंतर कोणालाही त्यांची आठवण होत नाही, आणि सणाच्या कथेत हे विसरणे अधिकच खटकते. किटीच्या धर्माचा उल्लेखही शेवटच्या पानांकडे ढकललेला आहे, जणू चकित करण्याच्या योजनेसाठी तो लपवून ठेवावा लागला. परंतु जे बीज येथे पडले ते लेखकाने वाया जाऊ दिले नाही. ऑक्टोबर १९८१च्या १५०व्या अंकात संघाचा कट्टर शत्रू मॅग्नेटो रागाच्या भरात किटीला जवळजवळ ठार करतो, आपण एका लहान मुलीवर हात उचलला हे पाहून थिजतो, आणि त्याचे बालपण ऑशविट्झच्या छळछावणीत गेल्याचे वाचकाला प्रथमच कळते. जुलै १९८२च्या १५९व्या अंकात ड्रॅक्युलाचा हात किटीच्या गळ्यातल्या डेव्हिडच्या ताऱ्याला लागून भाजतो. यापैकी कोणतीही घटना, ही मुलगी कोण आहे हे आधी ठरल्याशिवाय शक्य झाली नसती.

क्लेअरमाँट नाताळकडे पुन्हा वळला तो जून १९८८ची तारीख असलेल्या २३०व्या अंकात, मार्क सिल्व्हेस्ट्री या चित्रकाराबरोबर, आणि त्याने या वेळी घरच काढून घेतले. एक्स-मेन मेले असे सगळ्या जगाला वाटते आहे, ते ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात दरोडेखोरांच्या सोडलेल्या वस्तीत राहत आहेत, आणि तिथे डिसेंबर म्हणजे उन्हाळा आहे. गोदामात सापडलेल्या लुटीतील एकेक वस्तू हातात घेऊन संघातला लाँगशॉट तिचा भूतकाळ वाचतो, मूळ मालक कोण ते शोधतो, आणि संघातले सगळे नाताळच्या रात्री ती लूट जगभरच्या घरांत गुपचूप परत पोचवतात. भेट देणाऱ्याचे नाव गुप्त राहणे ही तिथे सांताक्लॉजची हौस नसून लपून राहण्याची सक्ती आहे. या संघात किटी नाही. ती तेव्हा ब्रिटनमध्ये, ‘एक्सकॅलिबर’ या नव्या संघाबरोबर आहे, आणि ज्यांनी एके काळी तिच्या आईवडिलांना तिच्यासाठी हवेलीत आणले होते, ते जिवंत आहेत हे तिलाही ठाऊक नाही.